लेन्स्टर गार्डन्स, २३ व २४

लंडनच्या बेझवॉटर भागातील दोन घरे. नेमके सांगायचे तर दोन घरांचे निव्वळ दर्शनी भाग. पांढऱ्या गिलाव्याच्या उंच इमारतींच्या रांगेत त्यांचे खांब, सज्जे आणि दारे शेजाऱ्यांशी तंतोतंत जुळतात. खिडक्यांना मात्र काच नाही, राखाडी रंग आहे. दारांना टपालाची फट नाही. पोस्टमनला हे अर्थातच ठाऊक असते.

मेट्रोपॉलिटन रेल्वेचा पॅडिंग्टनहून बेझवॉटरकडे जाणारा भुयारी मार्ग १८६८ मध्ये सुरू झाला, तेव्हा गाड्या वाफेवर धावत. भुयारात वाफ टाकीतील पाण्यात निववली जाई, तरी इंजिनांना ती मोकळ्या आकाशाखाली सोडावीच लागे. त्यासाठी वाटेतली ही दोन घरे पाडली गेली. श्रीमंत वस्तीची रांग तुटू नये म्हणून खिंडारापुढे सुमारे दीड मीटर जाडीची भिंत घरांच्या रूपात उभारली. मागच्या रस्त्यावर असला संकोच नाही; तिथून रूळ आणि भिंतीला दिलेले आधार सरळ दिसतात.

असेच आणखी एक फसवे घर, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील ५८, जोरालेमन स्ट्रीट हे १८४७ चे घर, मुळात खरेच राहते होते. पुढे ते भुयारी रेल्वेचा वायुवीजन मार्ग झाले. त्याच्या काळ्या खिडक्या निरखून पाहिल्याशिवाय खटकत नाहीत.