कवितेला जन्मठेप

आमच्या खाप्यात कुणाला टोमणा मारायचा असला, की लोक त्याचं नाव घेत नाहीत. महाभारतातल्या एखाद्याचं घेतात. ज्याला कळायचं त्याला बरोबर कळतं. आजची गोष्ट अशाच टोमण्यांची आहे. फक्त ते इंग्रज सरकारला मारलेले होते.

१५ जून १८९७. ‘केसरी’त ‘शिवाजीचे उद्गार’ नावाची कविता छापून आली. शिवाजी महाराज परत येऊन देशाची दशा पाहतात, अशी कल्पना. इंग्रजांविरुद्ध उठा, असं थेट काही नाही. पण २२ जूनला पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. मग त्या अंकातला मजकूर आणि ही कविता पुढे करून संपादक टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला. ज्यूरीत नऊ जण. सहा युरोपियन म्हणाले दोषी, तीन हिंदी म्हणाले निर्दोष. शिक्षा झाली १८ महिने सक्तमजुरी.

बाबाराव सावरकरांचं तर याहून भयंकर. १९०८ मध्ये त्यांनी नाशिकला कवितांची छोटी पुस्तिका काढली. तिच्यात देव होते, शिवाजी महाराज होते. कोर्ट म्हणालं, नावं जुनी असली तरी युद्धाची हाक आजच्या सरकारविरुद्धच आहे. जून १९०९ मध्ये जन्मठेप, थेट अंदमान! कवितांच्या पुस्तिकेसाठी, बरं का.

म्हणजे बघा, ज्या रूपकाच्या आड कवी लपला, तेच सरकारने पुरावा म्हणून वापरलं.

पण लोक थांबले का? खाडिलकरांचं ‘कीचकवध’ नाटक १९०७ मध्ये रंगभूमीवर आलं. प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला, भीमात जहाल आणि धर्मराजात नेमस्त. १९१० मध्ये सरकारने बंदी घातली. आता गंमत अशी, की बंदी घालायची म्हणजे कीचक आम्हीच, हे सरकारला कबूल करावं लागतं!

आणि इंग्रजांना हे काही नवीन नव्हतं. १५९९ मध्ये त्यांच्याच देशात, लंडनमध्ये, दोन धर्माधिकाऱ्यांनी उपहासात्मक कवितांवर बंदी घालून पुस्तकं जाळायला लावली होती. तिथले कवीही मग प्राचीन रोमच्या गोष्टींआडून बोलायचे.

तेव्हा शाळेतली एखादी जुनी पौराणिक कविता ‘बोअर’ वाटली, तर एकदा विचारा: ही कोणत्या साली लिहिली? तेव्हा राज्य कुणाचं होतं? कदाचित कीचक सापडेल.

भेटू पुढच्या भागात!