पृष्ठरचना-पद्धती

मजकुराचे पान सिद्ध करण्याच्या मुख्य पद्धती दोन : संपूर्ण पान एकसंध कोरून वा लिहून घेणे आणि ठराविक चौकटीत सुटे घटक जुळवून ते तयार करणे. मजकूर कितीदा बदलावयाचा व आरंभी किती खर्च करता येईल, यांवर पद्धतीची निवड अवलंबून असते. मराठी मुद्रणाच्या प्रारंभकाळी या दोन्ही पद्धती एकाच वर्षी, १८०५ मध्ये, आढळतात.

पेशवाईत पुण्यातील ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या प्रोत्साहनाने एक तांबट तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरण्यास शिकला. त्याच्याकडून गीता छापून घेण्याची नाना फडणीसांची योजना होती. परंतु १८०० मध्ये नानांचे निधन झाले. पुढे मिरजेचे अधिपती गंगाधरराव गोविंद पटवर्धन यांनी त्या कारागिरास आश्रय दिला व १८०५ मध्ये मिरज येथे भगवद्‌गीता छापून निघाली. (कुपवाडलगतचे हे शहर १९९८ पासून सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेत आहे.) कोरीव पत्र्यामुळे जोडाक्षरांचे असंख्य खिळे ओतण्याचा खर्च वाचला, मात्र एका पानाचा पत्रा दुसऱ्या पानास निरुपयोगी होता. गीतेसारख्या स्थिर संहितेस ही उणीव फारशी जाचक नव्हती.

त्याच वर्षी बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी याचे मराठी व्याकरण सुट्या देवनागरी खिळ्यांनी छापले गेले. खिळे ओतण्यास श्रम अधिक पडत. पण जुळणी सोडवून तेच खिळे पुन्हा वापरता येत. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग छापले. पंचांगाची चौकट कायम राहते, तिथी-नक्षत्रे मात्र दरवर्षी बदलतात. शिळाछापात तेवढ्यासाठीही सारे पान नव्याने लिहावे लागे.

स्थिर चौकट व बदलती माहिती यांचा हा प्रश्न संगणकाच्या पडद्यावरील पानांबाबतही उद्‌भवला. जावा या संगणकीय भाषेत १९९९ मध्ये ‘जावा सर्व्हर पेजेस’ ही पद्धती आली. तीत पानाच्या आराखड्यातच आज्ञा लिहिता येत. त्यामुळे आरंभ सुलभ झाला, पण मांडणी व आज्ञा यांची सरमिसळ होऊन दुरुस्ती अवघड होई. व्हेलॉसिटी व फ्रीमार्कर या पद्धतींनी साच्यात मुख्यतः मांडणीपुरत्याच सूचना ठेवल्या. थायमलीफमध्ये (२०११) साचा स्वतःच साधे पान म्हणून पाहता येतो. क्वचित बदलणाऱ्या पानास एकसंध रचना आजही पुरते. वारंवार बदलणाऱ्या पानास मात्र मांडणी व माहिती वेगळी ठेवणारा साचा अधिक हितावह ठरतो.