कंपवात : वाढ रोखणारे उपचार

मेंदूच्या सबस्टॅन्शिया नायग्रा या भागातील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरत जाऊन कंपवात, म्हणजे पार्किन्सन, होतो. ही झीज थांबवणारा सिद्ध उपचार अजून एकही नाही. सध्याच्या औषधांनी कंप, ताठरपणा आणि हालचालींचा मंदपणा कमी होतो. आतली झीज चालूच राहते.

हा फरक खाजकुहिली या वनस्पतीच्या बाबतीत नेमका विसरला जातो. आयुर्वेदातील ही कपिकच्छू. तिच्या बियांतून मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ साली लेव्होडोपा हा घटक वेगळा केला. कंपवातावर तो लागू पडतो हे उमगायला साठचे दशक उजाडले. मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य व सहकाऱ्यांनी बियांचे चूर्ण रुग्णांना देऊन निष्कर्ष १९७८ मध्ये छापले. पुढे झंडूच्या ‘एचपी-२००’ या चूर्णाचा ६० रुग्णांवर १२ आठवडे अभ्यास झाला (१९९५). लक्षणे कमी झाली, आणि ते अपेक्षितच होते, कारण चूर्णातले मुख्य औषध लेव्होडोपाच. रोग मुळापासून जातो हा जडीबुटीवाल्यांचा दावा यातून निघत नाही. उलट लेव्होडोपाच्या गोळ्या चालू असताना मनानेच चूर्ण जोडले, तर लेव्होडोपाची मात्रा वाढून मळमळ होते, हातपाय अनावर हलू लागतात.

रोगाचा वेग मोजणे हीच संशोधनातली खरी अडचण. लक्षणे दबली की झीजही थांबल्यासारखी वाटते. म्हणून औषध काही काळ बंद करून पाहतात, किंवा अर्ध्या रुग्णांना ते उशिरा सुरू करतात. नेदरलँड्समधील एका चाचणीत (२०१९) लेव्होडोपा लवकर घेणारे आणि ४० आठवडे उशिरा घेणारे अखेरीस सारख्याच अवस्थेत आढळले. गोळी लवकर घेतल्याने रोग थांबत नाही, पण वाढतही नाही. ‘गोळी जितकी लांबवावी तितके बरे’ या समजाला त्यामुळे आधार उरला नाही.

अल्फा-सिन्यूक्लिन या साचणाऱ्या प्रथिनाविरुद्धची प्रासिनेझुमॅब आणि सिनपानेमॅब ही प्रतिपिंडे २०२२ मध्ये मुख्य कसोटीवर उतरली नाहीत. मधुमेहाच्या औषधांकडून आशा होती. फ्रान्समध्ये १५६ रुग्णांपैकी निम्म्यांना लिक्सिसेनाटाइड दिले (२०२४). वर्षभरात त्यांची हालचाल फारशी बिघडली नाही, पण त्यांच्यातल्या जवळपास निम्म्यांना मळमळ झाली. त्याच गटातील एक्झेनाटाइडचा ब्रिटनमधील १९४ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत (२०२५) उपयोग दिसला नाही.

अशा चाचण्यांत बहुधा नुकतेच निदान झालेले रुग्ण घेतात. धर्माबादसारख्या तेलंगणाच्या सीमेवरच्या गावात हात थरथरणे म्हाताऱ्या माणसाचे म्हणून सोडून दिले, की नांदेड, निजामाबाद किंवा हैदराबाद गाठेपर्यंत ती सुरुवातीची अवस्था निघून जाते. निदान झाल्यावरचा आधार मुंबईत डॉ. बी. एस. सिंघल यांनी २००१ साली स्थापन केलेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आणि पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ देतात. दोन्हींकडे व्यायामावर भर असतो. तो झीज रोखतो की नाही हे अजून तपासले जात आहे, चालणे मात्र सुधारते.