पूर्णांकांचें घर

भंडारा जिल्ह्यांतील पवनी हें वैनगंगेच्या तीरावरील प्राचीन नगर. १९६९-७० सालीं तेथील जगन्नाथ टेकडीचें उत्खनन झालें, तेव्हां एका मोठ्या बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडांत आले. त्याच्या दगडांवर दान देणाऱ्यांचीं नांवें ब्राह्मी लिपींत कोरलेलीं आहेत. त्याच लिपींत दानाची मोजदाद पाहावयाची असेल, तर जुन्नरजवळच्या नाणेघाटाकडे वळावें लागतें. सातवाहनांच्या तेथील लेखांत यज्ञाच्या दक्षिणेंतील गायी, घोडे, हत्ती व कार्षापण यांची गणती आंकड्यांनीं नोंदली आहे. गाय अर्धी देतां येत नाहीं. म्हणून हे आंकडे पूर्णांकांचे. त्या लेखनांत शून्य नाहीं. दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हें आहेत. संख्या वाढली, कीं आणखी एक चिन्ह कोरावें. दगडावर जागा पुष्कळ होती.

यंत्राची गोष्ट निराळी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं ‘टिफ्रॅक’ हा संगणक चालू झाला. त्याच्या स्मृतींत २,०४८ कोठे होते आणि प्रत्येक कोठ्यांत ४० द्विमान अंक मावत. द्विमान अंक म्हणजे शून्य किंवा एक, तिसरा नाहीं. कोठा केवढा, तें आधींच ठरलेलें. संख्येनें त्यांतच राहावयाचें.

आज प्रोग्रॅम लिहूं लागणाऱ्या नवशिक्यापुढें हाच प्रश्न येतो. अनेक संगणक-भाषांत संख्या ठेवण्यापूर्वीं तिच्या कोठ्याचा प्रकार सांगावा लागतो. आठ अंकांच्या कोठ्यांत २५६ निरनिराळ्या संख्या मावतात, सोळा अंकांच्या कोठ्यांत ६५,५३६. ऋण संख्याही हव्या असल्यास निम्मी जागा त्यांना जाते. मग सोळा अंकांची मर्यादा उणे ३२,७६८ पासून ३२,७६७ पर्यंत. या शेवटल्या संख्येंत एक मिळविला, तर हातचा सर्वांत डावीकडील, चिन्ह दाखविणाऱ्या अंकापर्यंत पोंचतो आणि पुष्कळदां उत्तर उणे ३२,७६८ असें येतें.

पवनीच्या एखाद्या कापड-दुकानाचा हिशेब घ्यावा. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले. सावध प्रोग्रॅमकार सारी रक्कम पैशांत, म्हणजे पूर्णांकांत ठेवतो. कारण एक-दशांशासारखा अपूर्णांक द्विमान पद्धतींत तंतोतंत उतरत नाहीं. परंतु सोळा अंकांच्या कोठ्यांत ३२७ रुपये ६७ पैसे झाले, कीं जागा संपली! बत्तीस अंकांचा कोठा घेतला, तर २,१४,७४,८३६ रुपये ४७ पैशांपर्यंत चिंता नाहीं.

दुकानाची चूक वहींत सुधारतां येते. सर्वत्र तशी सवड मिळत नाहीं. ४ जून १९९६ रोजीं युरोपचें ‘एरियान ५’ हें रॉकेट पहिल्याच उड्डाणांत सुमारें चाळीस सेकंदांत नष्ट झालें. आडव्या वेगाशीं निगडित अशी एक संख्या सोळा अंकांच्या कोठ्यांत मावली नाहीं, आणि मार्गदर्शक यंत्रणा बंद पडली. प्रोग्रॅमचा तो भाग ‘एरियान ४’ साठीं लिहिलेला होता, व त्या रॉकेटच्या वेगाला तो पुरेसा होता. चार उपग्रह त्याबरोबर गेले. सुदैवानें रॉकेटमध्यें माणूस नव्हता.

गणित चुकलें नव्हतें. मोजावयाची वस्तु बदलली आणि कोठा मात्र जुनाच राहिला. म्हणून संख्येला घर देण्यापूर्वीं ती कोठवर वाढेल, हें विचारणें हा नवशिक्याचा पहिला धडा होय.