घोड्याची मुसंडी आणि बोरीवलीची गाडी

शर्यतीच्या घोड्याची पारख करतांना इंग्रज जाणकार ‘टर्न ऑफ फुट’ असा एक शब्दप्रयोग करतात. घोडा एकंदरींत किती वेगवान आहे, हें त्यांत सांगावयाचें नसतें. शर्यतीचा बहुतेक भाग घोळक्यांत राहून, शेवटीं स्वारानें इशारा देतांच एकाएकीं वेग घेऊन पुढें निसटणें, या गुणाचें तें नांव आहे. मराठींत त्यास मुसंडी म्हणतां येईल. वेग निराळा आणि वेग चटकन् घेण्याची शक्ति निराळी, हा भेद त्यांत स्पष्ट होतो.

मुंबईकरांना ही मुसंडी पूर्वीं भायखळ्यास आणि १८८३ पासून महालक्ष्मीच्या मैदानावर पाहावयास मिळाली. १९४३ सालीं तेथें पहिली इंडियन डर्बी झाली, ती ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ या घोडीनें जिंकली. परंतु मुंबईच्या जीवनावर या गुणाचा खोल परिणाम घडला तो मैदानावर नव्हे, तर जवळच्या बी. बी. अँड सी. आय. रेल्वेच्या रुळांवर.

१२ एप्रिल १८६७ रोजीं विरारहून बॅकबेपर्यंत रोजची एक गाडी सुरू झाली. ती वाफेची होती. वाफेच्या एंजिनास वेगाची उणीव नव्हती; अडचण होती ती थांबून पुन्हां निघण्याची. एंजिन सारी गाडी ओढतें तें केवळ आपल्या चाकांच्या पकडीवर. जड गाडीस वेग येतो न येतो तोंच पुढचें स्थानक येई. स्थानकें वाढवावींत तर वेळ जाई. वेळ वाचवावा तर गांवें वगळावीं लागत.

हा पेंच विजेनें सोडविला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं बोरीबंदर ते कुर्ला अशी हिंदुस्थानांतील पहिली विजेची गाडी धांवली, आणि ५ जानेवारी १९२८ रोजीं कुलाबा ते बोरीवली हा मार्ग विजेवर चालूं लागला. तारेंतील वीज १५०० व्होल्टची होती. या गाडीच्या मोटारी उतारूंच्या डब्यांखालींच असतात, आणि त्यांचा जोर गाडी निघतांनाच सर्वांत अधिक असतो. दोन्ही टोकांस चालकाची जागा असल्यामुळें शेवटच्या स्थानकावर एंजिन फिरविण्याची खटपटहि उरली नाहीं.

१९३६ सालीं वीज विरारपर्यंत जाईतों बोरीवली हेंच त्या मार्गाचें टोंक होतें. चर्चगेटपासून सुमारें एकवीस मैलांवरचें, भातशेतीचें आणि कान्हेरीच्या डोंगरापायथ्याचें हें गांव. आतां तेथें राहून फोर्टांतील कचेरी वेळेवर गांठणें कारकुनास सुलभ झालें. अंतर मैलांत न मोजतां मिनिटांत मोजलें जाऊं लागलें. शेतांच्या जागीं हळूहळू चाळी आणि इमारती उभ्या राहिल्या. शहरांत न मावणाऱ्या कुटुंबांस छप्पर मिळालें. मूळच्या गांवकऱ्यांचें गांव मात्र शहरांत विरून गेलें.

पश्चिम रेल्वेवर २०१२ सालीं १५०० व्होल्टच्या जागीं २५००० व्होल्टची वीज आली. गाड्यांची मुसंडी तीच राहिली. घोड्यास ती शर्यतींत एकदांच मारावी लागते, आणि मग त्यास विसांवा मिळतो. बोरीवलीची गाडी ती प्रत्येक स्थानकावरून मारते, आणि तिच्यांतील उतारूसहि रोज सकाळीं तिच्याबरोबर धांवावें लागतें.