आनंदीबाईंना काय विचारायचं?

रविवारी सकाळी मी आमच्या भागातल्या एका अभ्यासिकेत आठवीच्या मुलांना इतिहास शिकवतो. बाकी आठवडाभर कोड लिहितो, त्यामुळे इतिहास माझाही शिकणं चालूच आहे. एकदा मुलांना म्हटलं, डॉ. आनंदीबाई जोशी समोर बसल्यात असं समजा आणि मुलाखतीचे प्रश्न काढा.

पाच मिनिटांत वह्या भरल्या. ‘डॉक्टर झाल्यावर कसं वाटलं?’ ‘मुलींना काय संदेश द्याल?’ मी मोबाइलवर चॅटबॉटला आनंदीबाई व्हायला सांगितलं आणि हेच प्रश्न टाकले. उत्तरं छान आली, पण ती कल्पना चावलाच्या नावावरही खपली असती. चूक बॉटची नव्हती. प्रश्नच कुणालाही चालतील असे होते.

मग फळ्यावर फक्त नोंदी लिहिल्या. १८६५, जन्म. नवव्या वर्षी लग्न. चौदाव्या वर्षी मुलगा झाला, तो दहा दिवस जगला. १८८३, कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला. १८८६, फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. १८८७, पुण्यात मृत्यू. बावीस वर्षंही पूर्ण नव्हती.

एक मुलगी बराच वेळ बोटं मोजत होती. म्हणाली, “दादा, बारसं बाराव्या दिवशी असतं ना? मग बाळाचं नाव ठेवायचं राहूनच गेलं असेल.” तिने प्रश्न लिहिला: ‘बाळाला तुम्ही काय म्हणून हाक मारायचात?’

बॉटने क्षणात एक नाव सांगितलं, वर ते का आवडलं हेही सांगितलं. वर्ग खूश झाला. मला मात्र कसंसंच झालं. अंदाजाने पुढचा शब्द ठेवत जाणं, हे या यंत्राचं काम. रिकामी जागा त्याला दिसत नाही.

“हे त्याने आत्ता रचलंय,” मी म्हणालो.

“मग खरं कुठे कळणार?”

“त्यांनी स्वतः काय लिहिलंय ते बघू.”

एम.डी.साठी त्यांनी प्रबंध लिहिला होता. विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. मुलगी फळ्यावरच्या चौदाव्या वर्षाकडे बघत राहिली. मग आधीचा प्रश्न खोडून तिने लिहिलं: ‘हा विषय निवडताना ते दहा दिवस आठवत होते का?’

या वेळी मी मोबाइल खिशात ठेवला. कुणी बॉटला विचार म्हणालंही नाही.

पुढच्या रविवारी ती सगळ्यांच्या आधी आली होती. “दादा, त्यांची पत्रं कुठे वाचायला मिळतील?”

मी तिच्यासाठी काशीबाई कानिटकरांनी लिहिलेलं आनंदीबाईंचं चरित्र शोधायला घेतलं.