शिजलेले स्कॅलॉप, तिसऱ्या आणि चिमूटभर कोबाल्ट

रोटोटुना हे नाव ऐकले की भारतातून आलेल्या पाहुण्यांना हमखास डब्यातला टूना मासा आठवतो. माओरी भाषेत रोटो म्हणजे तळे आणि टुना म्हणजे वाम. तेव्हा हॅमिल्टनच्या उत्तरेचे हे आपले उपनगर म्हणजे वामांचे तळे. समुद्राशी त्याचा संबंध नाही. खरा समुद्र पाहायचा तर गाडीने दोन-अडीच तासांवर कोरोमंडलचा किनारा गाठावा लागतो. त्या नावातही एक गंमत आहे. १८२० साली ‘कोरोमंडल’ नावाचे इंग्रजी जहाज कौरीच्या लाकडासाठी इथे नांगर टाकून होते. त्या जहाजाचे नाव आपल्या चोळमंडल किनाऱ्यावरून पडलेले, आणि जहाजावरून ते ह्या द्वीपकल्पाला चिकटले.

ह्याच किनाऱ्याचे स्कॅलॉप प्रसिद्ध. माओरीत त्यांना टिपा किंवा कुआकुआ म्हणतात. आपल्याकडच्या घरांत मात्र स्कॅलॉपचा विषय निघतो तो बहुधा रक्ततपासणीचा कागद हातात आल्यावर. ब-१२ जीवनसत्त्व कमी निघते, आणि मग कोणीतरी सल्ला देते, “शिंपल्यातले प्राणी खा, त्यात ब-१२ भरपूर असते.” सल्ला चुकीचा नाही, पण स्कॅलॉपच्या बाबतीत तो अर्धाच खरा आहे. तो अर्धा का, हे समजून घ्यायचे तर थोडा इतिहास पाहावा लागतो, आणि त्यातला बराचसा आपल्या घरापासून फार लांब घडलेला नाही.

आधी आकडे. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्याप्रमाणे १०० ग्रॅम वाफवलेल्या स्कॅलॉपमध्ये सुमारे १११ उष्मांक, साडेवीस ग्रॅम प्रथिने, एक ग्रॅमहून कमी स्निग्धांश आणि साडेपाच ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात. कच्च्यात प्रथिने १२ ग्रॅमच दिसतात. शिजवल्याने प्रथिने वाढत नाहीत, पाणी उडून जाते आणि वजन कमी होते, एवढेच. कच्च्याचा आकडा एका तक्त्यातून आणि शिजलेल्याचा दुसऱ्यातून घेऊन तुलना करणारे पुष्कळ भेटतात, म्हणून मुद्दाम सांगतो. मिठाचे प्रमाण मात्र नजरेआड करू नये: १०० ग्रॅम शिजलेल्या स्कॅलॉपमध्ये सोडियम साडेसहाशे मिलिग्रॅमच्या पुढे असते. वरून एक चिमूटही मीठ न टाकता. ज्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे त्यांनी हे लक्षात ठेवावे.

आणि ब-१२? सुमारे दोन मायक्रोग्रॅम. प्रौढ माणसाला न्यूझीलंडच्या शिफारशीप्रमाणे दिवसाला २.४ मायक्रोग्रॅम लागते, म्हणजे एका वाढपात दिवसाची गरज जवळजवळ भागते. वाईट नाही. पण त्याच तक्त्यात शिजलेल्या क्लॅमचा, म्हणजे आपल्या तिसऱ्यांच्या भाऊबंदांचा आकडा पाहिला तर तो शंभराच्या घरात जातो! आपल्या कोकणातल्या तिसऱ्या ही वेगळी जात, तेव्हा आकडा तंतोतंत तोच असेल असे नाही. पण एवढ्या फरकाचे कारण तिलाही लागू आहे.

स्कॅलॉप हा पोहणारा शिंपला आहे. दोन्ही शिंपा टाळीसारख्या आपटून तो पाण्याचा झोत मागे सोडतो आणि पुढे सटकतो. ह्या कामासाठी शिंपा मिटणारा त्याचा स्नायू भलताच मोठा झालेला असतो, आणि आपण खातो तो मुख्यतः हा स्नायू. त्यात ग्लायकोजेन साठवलेले असते, म्हणून तक्त्यात ती कर्बोदके दिसतात. न्यूझीलंडमध्ये सोबतची नारिंगी गाभोळीही आवडीने खातात, अमेरिकेत ती टाकून देतात. पोटाकडचा काळपट भाग मात्र कुठेच खाऊ नये. कॅडमियम आणि विषारी शेवाळांचे विष तिथेच साचते. तिसऱ्या आपण अख्ख्या खातो, आतड्यासकट. ब-१२ साठते ते बरेचसे अशा आतल्या अवयवांत. ते प्राण्याने स्वतः बनवलेले नसते. ब-१२ फक्त सूक्ष्म जीवाणू बनवतात, आणि पाणी गाळून जगणारा शिंपला ते गोळा करत राहतो.

जीवाणूंना हे बनवायला कोबाल्ट हा धातू लागतो. इथे गोष्ट समुद्र सोडून आपल्या दक्षिणेला, रोटोरुआ-टाउपोच्या पठाराकडे वळते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वसाहतवाल्यांनी तिथली झाडी तोडून कुरणे केली. गवत हिरवेगार, आणि त्यात उभी गुरे-मेंढ्या मात्र खंगत खंगत मरत. ह्या रोगाला ते ‘बुश सिकनेस’ म्हणत. जनावर दुसऱ्या जमिनीवर नेले की बरे होई, परत आणले की पुन्हा झुरू लागे. कृषी खात्याचे रसायनतज्ज्ञ बर्नार्ड ॲस्टन ह्यांनी लोहाची कमतरता हे कारण धरले आणि लिमोनाइट हे लोहखनिज चाटायला दिले. गुण आला, पण कुठे आला, कुठे नाही. १९३५ च्या सुमारास पश्चिम ऑस्ट्रेलियात अंडरवुड आणि फिल्मर ह्यांनी दाखवले, की गुण लोहाचा नव्हता. त्या खनिजात मिसळलेल्या किंचित कोबाल्टचा होता. ज्वालामुखीच्या राखेतून झालेल्या ह्या जमिनींत तेच नव्हते. पुढे न्यूझीलंडमध्ये सुपरफॉस्फेट खतातच कोबाल्ट मिसळू लागले, एकराला अवघे काही औंस, आणि ओसाड ठरलेली जमीन दुभत्या गाईंची झाली.

त्या वेळी ब-१२ चे नाव कोणाला माहीत नव्हते. प्राणघातक ठरणाऱ्या एका पांडुरोगावर यकृत खाऊ घातल्याने गुण येतो, ह्यासाठी व्हिपल, मायनॉट आणि मर्फी ह्यांना १९३४ चे नोबेल मिळाले होते, पण यकृतातले नेमके काय गुण देते हे गूढच होते. १९४८ साली तो लाल स्फटिक वेगळा काढण्यात यश आले आणि त्याच्या गाभ्यात कोबाल्ट सापडले. मेंढी, पांडुरोगी आणि शिंपला, तिघांचा धागा एकच निघाला.

आता पुण्याकडे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात दोन तृतीयांश मातांमध्ये ब-१२ कमी होते. ज्यांच्यात ब-१२ कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा प्रतिरोध सर्वांत अधिक होता. आपल्यातील ज्या भगिनी इथे येऊन गरोदर राहतात आणि फोलिक ॲसिडच्या गोळ्या इमानेइतबारे घेतात, त्यांनी ब-१२ ही तपासून घ्यावे, हे सांगण्याचे कारण एवढेच.

शाकाहारी घरांनी इथे निराश होऊ नये. अर्धा लिटर दुधात ब-१२ साधारण दोन मायक्रोग्रॅम, म्हणजे स्कॅलॉपच्या एका ताटाइतकेच असते. वाइकाटोच्या गाईच्या पोटातले जीवाणू ते करतात आणि आपण कढी-दह्यातून ते घेतो. फक्त चहापुरते दूध घेणाऱ्याने हा हिशेब स्वतःला लावू नये, आणि ज्यांच्या तपासणीत कमतरता खूप आहे त्यांना डॉक्टरांची गोळी किंवा इंजेक्शनच लागते, मग ते शाकाहारी असोत की तिसऱ्यांचे भक्त.

शिजवताना एक पथ्य आहे. ब-१२ उष्णतेने फारसे मोडत नाही, पण पाण्यात उतरते. तिसऱ्या उघडताना जे पाणी सुटते ते मालवणी बाई कधी ओतून देत नाही. गाळून, तळाची वाळू मागे ठेवून, एकशिपीच्या वाटणात घालते. तिने ब-१२ चे नाव ऐकले नसेल, पण हिशेब बरोबर होता. स्कॅलॉप तव्यावर चटकन भाजावेत, सुटलेला रस रश्शात घ्यावा.

आता ते आणायचे कुठून, हा प्रश्न उरतो. नेल्सनजवळच्या टास्मन उपसागरात १९५९ साली लोखंडी जाळे तळावरून ओढून व्यापारी मासेमारी सुरू झाली. सत्तरच्या दशकात उत्पन्न शिगेला गेले, लगेच कोसळले आणि १९८१-८२ साली मासेमारी बंदच ठेवावी लागली. मग जपानी पद्धतीने पिल्ले पकडून तळावर पेरण्याचा प्रयोग झाला. त्याने काही वर्षे चांगली गेली, पण पुन्हा घसरण झाली. तळावरची ओढाताण आणि नद्यांतून येणारा गाळ, ह्या दोन्हींकडे बोट दाखवले जाते.

कोरोमंडलला आपण गॉगल लावून बुडी मारत असू, माणशी वीस, शंभर मिलिमीटरहून लहान असेल तो परत पाण्यात. २०२० च्या डिसेंबरात तिथल्या न्गाटी हेई ह्या माओरी जमातीने पूर्व किनाऱ्यावर राहुई, म्हणजे स्कॅलॉप न काढण्याचे बंधन जाहीर केले. १ एप्रिल २०२२ पासून सरकारने नॉर्थलंड आणि कोरोमंडलचा बहुतेक भाग व्यापाऱ्यांना आणि हौशी लोकांनाही बंद केला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात उरलेले दोन तुकडेही. तेव्हापासून आमच्या सुपरमार्केटच्या शीतपेटीत दिसणारी स्कॅलॉपची पाकिटे बहुधा परदेशातून आलेली असतात. त्यावर देशाचे नाव बारीक अक्षरांत असते. चष्मा लावून वाचावे, आणि पाकिटात मीठ किंवा फॉस्फेट घातले आहे का तेही त्याच ओळीत पाहून घ्यावे.